टवका उडालेला कण

फरीदाबादला आमच्या शेजारी घर बांधतायत. काल मजूर वाळू चाळत होते आणि त्या ओल्या वाळूच्या वासाने मी थेट पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचलो.

हिऱ्याची खाण शोधताना आम्ही हिरा शोधत नसू. हिऱ्यासोबत जमिनीतून वर आलेले गार्नेट या खनिजाचे जांभळट लाल कण ओढ्यांच्या वाळूत शोधायचो, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक वेचून. एका कणावर मूळची खरबरीत साल शाबूत दिसली. म्हणजे तो फार वाहून आलेला नव्हता. हिऱ्याचा खडक जवळच असणार! आनंदात माझी सुई निसटली आणि त्याचा टवका उडाला. मी तो घेऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे धावलो.

"अरे यार, साधा गार्नेट आहे हा. ठेव इथेच," सर म्हणाले.

मी ठेवला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. दिल्लीत मुनिरका भागातली खोली सरांनी मिळवून दिलेली, रविवारचं जेवण त्यांच्याकडे. शंका कशी घेणार?

दोन महिन्यांनी एका परिषदेत, सरांच्या भाषणात, पडद्यावर तोच कण झळकला, टवक्यासकट. "हा मला सापडला तेव्हा..." सर सांगत होते.

बाहेर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कसं झालं रे?"

"फार छान, सर," म्हणत मी वाकून नमस्कार केला. माझं नाव घ्यायचं ते विसरले असतील, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो.

पण कण खरंच साधा असता, तर सर 'टाकून दे' म्हणाले असते. ते 'ठेव इथेच' म्हणाले होते.