सहावी निळी प्लेट

१९९८ साल. मी एकोणसाठ वर्षांचा. महाराष्ट्र पोलिसातून जमादार म्हणून रिटायर झालो आणि दुबईजवळच्या फुजैरात एका मराठी शेठच्या बंगल्यावर सिक्युरिटी बघू लागलो. नोकरीतले खून-दरोडे विसरलो, पण या एका प्लेटचा तपास अजून मनातून जात नाही.

शेठच्या बायकोकडे, वहिनींकडे, सहा चिनी प्लेटा होत्या. पांढऱ्यावर निळं चित्र. देऊळ, पूल, वाकलेलं झाड. एका सकाळी मोजल्या तर पाचच. ड्रायव्हर कानाशी आला. "जमादार साब, वैसी ही प्लेट बाई के बक्से में है."

बाई म्हणजे स्वयंपाकीण. वसईची ख्रिश्चन, विधवा. दोन पंच उभे करून मी तिची ट्रंक उघडायला लावली. टॉवेलात गुंडाळलेली निळी प्लेट निघाली.

"ही कुठून आली?"

"माझ्या आईची आहे. तिचे वडील मुंबईत गोऱ्या साहेबाकडे खानसामा होते. साहेब विलायतेला जाताना देऊन गेला."

"साहेब मेला, खानसामा मेला. आता साक्षीदार कोण, येशू?"

"त्यालाच विचारा. तुमच्यापेक्षा बरं ऐकतो तो."

मी प्लेट उलटी केली. मागे इंग्रजी अक्षरं होती. मी चौथी पास, तीही मराठीत. ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि प्लेट खाली ठेवली.

शेठ म्हणाले, "खलास. व्हिसा कॅन्सल. उद्याची फ्लाइट."

तेव्हा बाई मटकन खाली बसली. "नोकरी घ्या शेठ, पण चोर म्हणून पाठवू नका. पोरीचं लग्न ठरलंय. मोडेल हो."

चोर नोकरीसाठी रडतो. ही नावासाठी रडत होती. मी तिची प्लेट आणि वहिनींची एक प्लेट खिडकीपाशी नेली.

चित्र तेच. पण वहिनींच्या प्लेटीवर रेघ कुठे जाड, कुठे बारीक. हाताने काढलेली. बाईच्या प्लेटीवर सगळी रेघ एकसारखी, आणि काठावर एक फूल मधोमध तुटलेलं, कागदाचे दोन तुकडे नीट जुळले नाहीत तसं. मी जन्मभर आरोपींचे ठसे घेतलेत. दाबून उमटलेली शाई मला कळते. हे छापलेलं होतं.

"वहिनी, मागचं जरा वाचा."

"मेड इन इंग्लंड! अहो जमादार, ही चिनी नाहीच. चिनी माल गोऱ्यांना फार आवडायचा, म्हणून त्यांनी तशीच नक्षी त्यांच्या देशात छापायला घेतली."

"मग तुमची सहावी कुठाय? सहाही शेवटच्या कधी काढल्या?"

"दिवाळीला. फराळाची ताटं..." वहिनी थांबल्या. "अगं बाई! शेजारी करंज्या दिल्या होत्या मी."

शेजारीण पुण्याची. प्लेट घेऊन धावत आली. "रिकामी कशी परत करू, म्हणून ठेवली होती हो. अनारसे करायचे राहूनच गेले."

शेठ बाईला "सॉरी हां" म्हणून ऑफिसला गेले. मी गेटवर परत गेलो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशी एवढं समजलं की अज्ञानाने तपास चुकत नाही, ते लपवल्याने चुकतो. मी सकाळीच "वाचा" म्हटलं असतं, तर ती बाई जमिनीवर बसली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला सगळे असताना मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. शेठ होते, वहिनी होत्या, ड्रायव्हरही होता. टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, मला इंग्रजी वाचता येत नाही. काल मी वाचल्याचं सोंग केलं. चोरी तुम्ही नव्हती केली. मी केली, तुमच्या नावाची."