सुकटीचा कागद

आज तव्यावर सुकट टाकली आणि त्या वासाबरोबर मी नवघरच्या शाळेत, मोठ्या बाईंच्या टेबलासमोर जाऊन पोचले.

माझी लेक वैशाली तेव्हा दुसरी पास झाली होती. तिसरीची पुस्तकं तिनं घरीच वाचून संपवलेली, म्हणून तिला एकदम चौथीत बसवा, असं सांगायला मी तिला घेऊन गेले होते. वाटेत घेतलेली सुकट पिशवीत होती. तिचा वास खोलीभर पसरला. बाईंनी नाकाला रुमाल लावला, तशी मी अजूनच अंग चोरलं.

बाईंनी चौथीचं पुस्तक दिलं. वैशालीनं धडा घडाघडा वाचला.

"पाठ करून घेतलंत ना?" बाई म्हणाल्या. "तुम्ही किती शिकलात?"

"चौथी."

"मग बरोबर. तुमच्या वर्गात बसवायचंय होय!"

वैशालीचा चेहरा पडला. तो बघितला आणि मी सुकटीचा पुडा सोडला, सुकट पदरात ओतली, वर्तमानपत्राचा तो कागद बाईंसमोर ठेवला.

"हा आत्ता मासळीवालीकडून आलाय. हा काही मी पाठ करून घेतला नाय."

नळाच्या पाण्याची बातमी होती. वैशालीनं ती न अडखळता वाचली आणि विचारलं, "बाई, मग आमच्या चाळीत पाणी कधी येणार?"

बाईंनी रुमाल खाली ठेवला. क्लार्कला म्हणाल्या, "हिचं नाव चौथीत लिहा."

पदरात सुकट घेऊन मी भर रस्त्यातून घरी आले. तेव्हापासून या वासाची लाज वाटली नाही. आत्ताही सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्यात.