विरजण मागायला आलेल्या बायका

काल सुनेनं शेजारून वाटीभर विरजण आणलं, आणि त्या आंबूस वासासरशी मी मध्य भारत नावाचं राज्य होतं त्या दिवसांतल्या इंदूरला, आमच्या गल्लीत पोचले.

संस्थान विलीन होऊन होळकरांची फौज मोडली, तिच्यातली वडिलांची नोकरी गेली आणि त्यांचा कमरेचा पट्टा माझ्यावर चालू लागला. शेजारच्या काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना सांगून ठेवलं, "लेकराचं रडणं ऐकू आलं की वाटी घेऊन त्या दारात जायचं. विरजण मागणारीला कोण हाकलतं?"

पुढच्या वेळी पट्टा उगारलेला असतानाच काकू दारात आल्या. मागे आणखी बायका, हातांत वाट्या.

"भाऊजी, जरा विरजण आहे का?"

वडिलांनी पट्टा पाठीमागे लपवला. "घरात दूधच नाही, वहिनी."

"कोई बात नहीं. बसतो आम्ही."

दिवेलागणीपर्यंत त्या गप्पा मारत बसल्या. असं दोन-चारदा झालं, मग पट्टा खुंटीवरच राहिला.

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, साऱ्या गल्लीला कळलं म्हणून. पुढे मी घरातली पहिली बी.ए. झाले, त्याचा मला अभिमान आहे. पण गल्लीला कळलं, म्हणूनच मी तिथवर पोचले.