कपाटाला आडोसा

चूक सर्वस्वी चष्मेवाल्यांची होती. गावभर लोकांना "चष्मा शर्टाच्या टोकाला पुसू नका, काच ओरखडते" असं बजावणारा हा माणूस रविवारी सकाळी, धावत्या सायकलवर, एका हातानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत होता. चष्मा नसला की त्यांना पुढचा माणूस आणि पुढचा महिना सारखाच दिसतो. त्यांचं पुढचं चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला जेमतेम लागलं, लाडानं लागावं तसं, आणि चष्मेवाले आडवे झाले. त्यांच्यावर टेलरमास्तर पडले. मास्तरांवर बेकरीवाला पडला, आणि पडल्यावर मऊ लागलं म्हणून असेल, तिथेच डोळे मिटून राहिला.

ज्याच्या चाकाला धक्का लागला त्याला मात्र पत्ताच नव्हता. तो आपला पुढे चालला होता. न्हाणीघराच्या दारात अडकलेला सोफा आपण कसा सोडवला, ही हकिगत तो मागच्या तिघांना सांगत होता. सोफा बाहेर निघाला तरी मागून कुणी "हं" म्हणेना, तेव्हा त्यानं वळून पाहिलं. मग तो सावकाश परत आला, सायकल झाडाला टेकवली आणि ढिगाऱ्याकडे धंद्याच्या नजरेनं पाहिलं.

"वरून काढायला घेऊ," तो म्हणाला. "मास्तर, हात आत घ्या. बेकरी, उठ. चष्मेवाले, तुम्ही शेवटी."

"फार काही फुटलं का हो?" चष्मेवाल्यांनी तळातून विचारलं.

"चष्मा फुटला. तो तुमच्याच दुकानात मिळतो."

हा माणूस म्हणजे कपाट. आईबापांनी ठेवलेलं एक नाव त्याला असणार, पण ते बहुधा लग्नपत्रिकेवर शेवटचं छापलं गेलं. धंदा घरसामान हलवण्याचा. एका घरातून उचलायचं आणि दुसऱ्या घरात टेकवायचं. जन्मभर कपाटं पाठीवर घेऊन जिने उतरल्यामुळे त्याची पाठ कपाटाच्या मापाची झाली होती की पाठ पाहूनच त्यानं हा धंदा निवडला, यावर मित्रांत मतभेद आहेत. पाठीला दोन दारं आणि एक आरसा तेवढा बसवायचा राहिला होता.

सायकलच्या शर्यतीत अशा पाठीची किंमत फार. पुढे असतो तो वारा फोडतो, त्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याला वारा लागत नाही आणि त्याची बरीच ताकद शिल्लक राहते. सगळी मेख एवढीच. कपाटाच्या मागे तर काडी पेटवावी, विझायची नाही. म्हणून या चौघांच्या टीमची पद्धत ठरून गेली होती. कपाट पुढे, मागे चष्मेवाले, मग मास्तर, मग बेकरीवाला. शेवटची रेषा जवळ आली की रस्त्याच्या डाव्या हाताला एक पेट्रोल पंप लागे. तिथे कपाट "सोडलं!" असं ओरडून डावीकडे सरके. सामान हलवणाऱ्यांत "सोडलं" म्हणजे माझा हात निघाला, आता तुझं तू बघ. मग ताजेतवाने, वारा न लागलेले चष्मेवाले त्याच्या आडून सुटत आणि पहिले येत. कपाट मागाहून, घोळक्यातून, घामाघूम होऊन रेषेपाशी येई आणि पहिला प्रश्न विचारी, "निघालं का?"

चष्मेवाल्यांच्या दुकानात चष्म्यांच्या फ्रेमांमधे चकचकीत कप मांडलेले होते. "हे सगळे तुमचे?" असं गिऱ्हाईकानं विचारलं की ते "हो" मोठ्यानं म्हणत, आणि "म्हणजे, टीमचे" हे खाली वाकून, फडकं शोधता शोधता म्हणत.

पडझडीनंतर चौघं कपाटाच्या घरी गेले. वहिनींनी औषधाची बाटली आणि कापूस आणला. चष्मेवाल्यांच्या गुडघ्यावर कापूस टेकवत त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? ह्यांना एकदा तुम्ही पहिलं येऊ द्याल का?"

औषध झोंबलं की प्रश्न, ते चष्मेवाल्यांना कळलं नाही. पण त्यांनी "स्स्" केलं.

"अगं, काहीतरीच काय," कपाट म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. बाबांचं सांगते आहे." वहिनींचे वडील पलीकडच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. खाली उतरायचं म्हटलं की सकाळची तयारी दुपारपर्यंत चाले. मागे एकदा जिन्यात बसले ते तिथेच बसून राहिले. वर जाववेना, खाली येववेना. "आमच्याकडे राहायला या म्हणून मी किती महिने घसा कोरडा करते आहे. तर म्हणतात, जावई दर रविवारी शर्यतीला निघतात आणि कुठेच पोचत नाहीत. एकदा पहिले येऊ देत, मग येतो राहायला."

"थट्टेनं म्हणत असतील," मास्तर म्हणाले.

"आधी थट्टेनंच म्हणाले. मी दोनदा आग्रह केला, तेव्हा हट्टाला पेटले. आता माघार घेतील तर माझे वडील कसले! वरून म्हणाले, रेषेपाशी खुर्ची टाका, मी स्वतः बघणार."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर दुकानातले कप आले आणि ते सगळे आपल्याकडे पाठ करून बसलेत असं त्यांना वाटलं.

"ठरलं," ते म्हणाले. "येत्या शर्यतीत कपाट पहिले. आम्ही तिघं वारा घेणार."

"मला पुढे राहायची सवय आहे," कपाट म्हणाला. "पहिलं यायची नाही."

त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात मास्तरांच्या दुकानात बैठक झाली. कागद सापडेना म्हणून मास्तरांनी समोरच्या विजारीवर खडूनं आखणी केली. कमरपट्टा म्हणजे सुरुवात, गुडघा म्हणजे तळ्याजवळचं वळण, घोट्यापाशी पेट्रोल पंप. "इथपर्यंत बेकरी पुढे. इथून मी. गुडघ्यानंतर चष्मेवाले. घोट्यापाशी चष्मेवाले सोडलं म्हणतील आणि डावीकडे होतील, कपाटराव सरळ सुटतील." आखणी इतकी सुरेख झाली की सगळे खूष झाले. विजार एका लग्नाळू मुलाची होती, ती संध्याकाळी इस्त्री करून त्याला दिली गेली, आणि डावपेचही तिच्याबरोबर गेले.

शर्यतीच्या दिवशी वारा असा सुटला होता की रेषेवरचा कापडी फलक स्वतःच निघून जायच्या बेतात होता. रेषेपाशी खुर्ची मांडलेली होती. तीत सासरे, मांडीवर काठी, शेजारी छत्री धरून वहिनी. त्यांना खाली आणायला कपाट स्वतः गेला होता, पण सासऱ्यांनी उचलून घ्यायला साफ नकार दिला. "मी काही फर्निचर नाही," म्हणाले, आणि एकेक पायरी भांडत उतरले.

शर्यत सुटली आणि पहिली अडचण पुढे आली ती अशी, की कपाटाला आडोसा द्यायचा तर आडोसा देणारा त्याच्याएवढा हवा. बेकरीवाला पुढे आणि मागे कपाट, हे दृश्य झाडूमागे ट्रंक लपवल्यासारखं दिसत होतं. डोकं आणि नाक यांना काय तो आडोसा. दोन्ही खांदे, दंड आणि मांड्या बाहेर, वाऱ्यात.

दुसरी अडचण म्हणजे बेकरीवाल्याची झोप. लोक झोपतात तेव्हा याची भट्टी पेटते, त्यामुळे शर्यत ही त्याची निजायची वेळ. तो चढावर जागा असे आणि उतारावर झोपे. थोड्या वेळानं तो हळूहळू मागे मागे गेला आणि दिसेनासा झाला.

मास्तर पुढे आले. त्यांनी दात ओठ खाऊन तळ्याजवळचं वळण गाठलं, आणि पोटरीत गोळा येऊन ते सायकलसकट रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. "गुडघ्यापर्यंत आणलं हो!" एवढं त्यांचं ओरडणं मागून ऐकू आलं.

आता चष्मेवाले. पंपाच्या अलीकडे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या पुढे कुणी नव्हतं. या रस्त्यानं ते वर्षानुवर्षं शर्यत करत आले होते, पण त्यांच्या लेखी हा रस्ता म्हणजे घामानं भिजलेली एक रुंद पाठ. इथे तळं आहे हे त्यांनी आज पाहिलं. तळ्यात बदकं होती. मग वारा तोंडावर आला आणि त्यांना पाहायचं सुचेना. कुणीतरी छातीवर हात ठेवून "कुठे चाललात?" असं सारखं विचारतंय, असा तो वारा. चेहरा मागे, पाय पुढे, आणि फुफ्फुसं कुठेतरी बदकांपाशी राहिलेली.

मागून कपाटाचा आवाज आला, "दमलात का? मी येऊ पुढे?"

"खबरदार!"

"नाही, थोडा वेळ."

"कपाटराव, मागे राहा! सासरे आठवा!"

कपाट मागे राहिला, पण दर थोड्या वेळानं त्याचं पुढचं चाक चोरासारखं शेजारी डोकावे, आणि चष्मेवाले त्याला हातानं परत लोटत. एवढ्यात विमा कचेरीची पिवळ्या शर्टांची टीम मागून येऊन कपाटाच्या पाठीला चिकटली. त्यांनाही ठाऊक होतं की या रस्त्यावर याहून बरा निवारा नाही. ते खाली मान घालून, डोळे त्या पाठीवर लावून, आरामात चालले होते. बाकीची सगळी जनता फार मागे पडली होती.

पेट्रोल पंप दिसला. चष्मेवाल्यांनी अंगातलं होतं नव्हतं ते पायात उतरवलं. घोट्यापाशी आले. छाती फोडून ते ओरडले, "सोडलं!" आणि डावीकडे सरकले.

आणि कपाटही डावीकडे सरकला.

त्याचा दोष नव्हता. इतक्या शर्यतींत "सोडलं" म्हटलं की डावीकडे व्हायचं, हे त्याच्या हातापायांत मुरलेलं. आज तो शब्द कुणी उच्चारला याची चौकशी हातापायांनी केली नाही. चष्मेवाले त्याला वाट द्यायला आणखी डावीकडे झाले, तसा तो त्यांच्या मागोमाग आणखी डावीकडे झाला, आणि दोघं थेट पेट्रोल पंपात शिरले. त्यांच्यामागोमाग, मान खाली घालून, पाठीवर विश्वास टाकून, विमा कचेरीही आली. स्कूटरवाल्यांची रांग पांगली. बादली उडाली. पंपावरच्या माणसानं एवढ्या सायकली एकदम पाहून मोठ्या अदबीनं विचारलं, "हवा भरायची का?"

गोंधळात सगळ्यांची चाकं एकमेकांत अडकली. कपाट मात्र बाहेर पडला. अडचणीच्या जागेतून मोठी वस्तू वळवून काढणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. तो रस्त्यावर आला. मागे चष्मेवाले, एक पाय पेडलवर, दुसरा बादलीत.

आणि तेव्हा दोघांना दिसलं, की रस्त्यावर पुढे कुणीतरी आहे. बेकरीवाला! मागे पडलेला तो गडी रमतगमत आला होता, पंपातला बाजार त्यानं पाहिलाच नव्हता. सगळे कधीच पोचून घरी गेले असतील अशा समजुतीनं तो डुलत डुलत रेषेकडे चालला होता.

कपाट उभा राहून पेडल मारू लागला. अंतर भराभर तुटलं. "जा, जा, काढा त्याला मागे!" चष्मेवाले मागून ओरडत होते. रेषा समोर, खुर्ची समोर, खुर्चीतून सासरे उठून उभे राहिलेले. कपाट बेकरीवाल्याच्या बरोबरीला आला. एक जोर मारला की काम फत्ते. त्यानं शेजारी पाहिलं. बेकरीवाल्याचे डोळे मिटलेले होते आणि सायकल हळूहळू कडेच्या उघड्या गटाराकडे वळत होती.

कपाटानं जोर मारला नाही. तो ओरडला, "बेकरी! पाव करपले!"

बेकरीवाला जो दचकला, तो डोळे उघडायच्या आधी पाय मारू लागला. भट्टीकडे धावावं तसा तो सुटला आणि रेषा ओलांडून, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांतून, बराच लांब गेला. पाव कुठे दिसेनात तेव्हा थांबला. पहिला नंबर! कपाट दुसरा.

चष्मेवाले लंगडत पोचले तेव्हा सासरे पुन्हा खुर्चीत बसले होते. वहिनींनी छत्री मिटली होती. सासऱ्यांनी जावयाला काठीनं जवळ बोलावलं.

"अट पहिल्याची होती, जावईबापू."

"हो, मामा."

"दुसरे आलात."

"हो."

"त्याला उठवलंत कशाला?"

"गटारात गेला असता."

सासऱ्यांनी लांब उभ्या असलेल्या बेकरीवाल्याकडे पाहिलं. त्याच्या गळ्यात हार घालत होते आणि तो हाराला टेकून पुन्हा पेंगत होता.

"मलाही हल्ली बसल्या बसल्या डुलकी लागते," ते म्हणाले. मग काठी आपटून, "सामान कधी हलवताय?"

"बाबा, काय म्हणालात?" वहिनी म्हणाल्या.

"ऐकू आलंय तुला. परत म्हणायला लावू नकोस, मन बदलेल."

पुढच्याच रविवारी टीम सायकली सोडून तिसऱ्या मजल्यावर जमली. बेकरीवाल्यानं गाद्या घेतल्या, आणि दुसऱ्या मजल्यावर त्याला त्यांच्यावरून उठवावं लागलं. मास्तर भांडी नेत होते. सासरे गॅलरीतून "सांभाळून!" एवढंच, पण अखंड म्हणत होते. उरलं ते लोखंडी कपाट. त्याचा खालचा, सगळ्या ओझ्याचा भाग अर्थातच कपाटाच्या पाठीवर होता. वरच्या टोकाला हात लावून चष्मेवाले जिना उतरत होते आणि आपणही बरंच उचललंय अशा समजुतीनं धापा टाकत होते.

वळणावर दम घ्यायला ते टेकले. चष्मेवाल्यांच्या मनात शर्यत अजून सलत होती.

"कपाटराव, या खेपेला तो पंप आडवा आला," ते म्हणाले. "पण मनावर घेऊ नका. पुढच्या शर्यतीत पुन्हा मी पुढे, तुम्ही माझ्यामागे. तुम्हाला पहिलं आणतो की नाही बघा!"

कपाटानं पाठ कपाटाखाली नीट बसवली.

"नको," तो म्हणाला. "तुमच्यामागे वारा फार लागतो."