सगळ्यात मागची गाडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी टेललाइट काकांचं नाव सांगतो. आईवडिलांनी शिकवलं, जिंतूरच्या शाळेतल्या गुरुजींनी घडवलं, ते आहेच. पण शिकून मुंबईला आल्यावर मी इथे टिकलो तो या माणसामुळे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पुढे काय करायचं असतं, हे विचारायला घरात कोणी नव्हतं.

टेललाइट हे नाव मित्रांनी ठेवलेलं. आम्ही चौघं मोटरसायकलवरून राष्ट्रीय उद्यानं बघत हिंडायचो आणि काका दरवेळी सगळ्यात मागे. पुढे गोराईचा रॉनी, कारण त्याला मागे ठेवणं कोणालाच जमलं नाही. त्याच्या मागे मी. माझ्या मागे घाटकोपरचा जिग्नेश, सीटवर घरची उशी बांधून. "झोपायला आलायस का रे?" असं रॉनी त्याला विचारायचा आणि जिग्नेश शांतपणे म्हणायचा, "कंबर गेली ना, की तूच मागशील." या सगळ्याच्या मागून, कधीच घाई नसलेली, काकांची जुनी गाडी.

मागे का राहता, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मला तुमच्या पाठी बघायच्या असतात. कोण दमलाय ते पाठीवरून कळतं. तोंडावर काय, तोंड हसत असतं." ते खरं होतं. माझा डावा खांदा खाली आला की मागून हॉर्न वाजायचा आणि पुढच्या टपरीवर आम्ही थांबायचो. मी दमलोय हे मला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असायचं.

माझी पाठ त्यांनी पहिल्यांदा ओळखली ती मात्र ऑफिसात. अंधेरीच्या एमआयडीसीत मला पहिली नोकरी लागली. काका तिथले सगळ्यात जुने. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः मुलुंडला राहायचे. त्या काळात मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की मला शब्द सापडायचे नाहीत. एकदा उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि तसाच खाली बसलो. कोणी हसलं नाही, पण माझ्या जागी दुसऱ्याने बोलायला सुरुवात केली. मी मनात बॅग भरली होती. काकांनी एवढंच विचारलं, रविवारी काय करतोस? मग मला बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवर बोलावलं.

कान्हेरीच्या वाटेवर एका दगडावर आम्ही बसलो. गावाला परत जातो म्हणून मी सांगून टाकलं. काका म्हणाले, "तू हरलायस असं तुला वाटतं. तू दमलायस. दमलेल्याने बसायचं असतं रे, परत जायचं नसतं." त्यानंतर त्यांनी काही समजावलं नाही. डब्यातले घावणे काढले आणि मला अर्धे दिले. सोमवारी मी कामावर गेलो, आणि अजून जातोच आहे.

त्या दिवशी उठताना ते म्हणाले होते, हे एक झालं, महाराष्ट्रात अशी राष्ट्रीय उद्यानं अजून पाच आहेत. मला वाटलं, बोलायला बोलतात. पण मी गाडी घेतल्याबरोबर त्यांनी मला रॉनी आणि जिग्नेशच्या सोबत चांदोलीला नेलं. कराडच्या पुढे वळायचं होतं. गाड्यांमधलं अंतर वाढलं होतं आणि मी सरळ कोल्हापूरच्या दिशेने निघून गेलो. तिघं पोचले तेव्हा मी नव्हतो. काका एकटे उलटे आले. मी एका टपरीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो.

"खंय होतंस रे मेल्या?" एवढंच ते बोलले आणि चहा सांगितला.

त्या चहावर नियम ठरला. जिथे वळायचं, तिथे दुसऱ्या नंबरच्याने फाट्यावर गाडी लावून उभं राहायचं. काका दिसेपर्यंत हलायचं नाही. ते आले की लांबून एकदा डिपर देणार, म्हणजे सगळे आले. मग निघायचं. दुसरा नंबर माझा, त्यामुळे गावोगावच्या फाट्यांवर मीच उभा राहिलो आहे. उन्हात, धुळीत, कुत्री हुंगत असताना. लांबून तो दिवा एकदा लुकलुकला की मला फार बरं वाटायचं. आपली वाट पाहणारं कोणी असलं की बरं वाटतंच, पण ज्याची वाट पाहावी असं कोणी असलं की त्याहून बरं वाटतं.

लोक विचारतात, बाइकवरून वाघ बघता का? मोटरसायकल आत सोडतच नाहीत. शेकडो किलोमीटर जायचं, गेटबाहेर गाड्या लावायच्या आणि जिप्सीत बसायचं. ताडोबाला वाघ दिसला नाही म्हणून रॉनी वैतागला, तेव्हा काका म्हणाले होते, "त्याने तरी तुला का बघावं?" गुगामलला तर वाघाचा ठसासुद्धा दिसला नाही. तिथल्या सागाखाली काका इतके शांत बसले होते की आम्हीही बोलायचे थांबलो.

पाचवं पेंच. समृद्धीवर दुचाकीला मनाई, म्हणून जुन्या रस्त्याने निघालो होतो. नागपूरच्या अलीकडे बाहेरच्या रस्त्याला लागायचं होतं. संध्याकाळ होत आली होती. मी फाट्यावर उभा होतो. काकांची गाडी दिसली. मी हात वर केला. डिपर आला नाही. ते माझ्यासमोरून, अगदी दहा हातांवरून, सरळ निघून गेले.

मी मागे लागून त्यांना गाठलं. ऊन डोळ्यावर आलं होतं, असं ते म्हणाले. ऊन आमच्या पाठीमागे होतं.

मुंबईत आल्यावर कळलं, काचबिंदू. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. आता गाडी चालवू नका हे सांगायचं कोणी, यावर आमच्या तिघांत बरेच दिवस फोन झाले. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सुचवलं. शेवटी तिघंही मुलुंडला गेलो. काकांच्या मुलीने चहा आणला. आम्ही पावसाबद्दल बोललो, मग ट्रॅफिकबद्दल.

काका म्हणाले, "काय सांगायला आलात ते तुमच्या तोंडावर दिसतंय. तेवढं अजून दिसतं मला." किल्ली त्यांनी मुलीकडे आधीच दिली होती. "नवेगाव तेवढं राहिलं. ते करून या."

जिग्नेश घाईघाईने म्हणाला, "काका, माझ्या मागे बसा ना. उशी पण आहे."

काका हसले. "मागे बसलेल्याला एकच पाठ दिसते रे."

आमचाही मग उत्साह गेला. माझी चाळिशी उलटली होती. घराचे हप्ते, वडिलांची औषधं, सुट्टीच्या दिवशीही येणारे ऑफिसचे फोन. नवेगावला जाणं कामासारखं झालं होतं. तरी गेलो, कारण काकांनी सांगितलं होतं. ते त्यांना कळवायला मी पत्र लिहिलं. मोबाइलच्या उजेडाने त्यांचे डोळे दुखतात, म्हणून काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत. मी बोरिवलीला राहतो, मुलुंडच्या आणि माझ्या मधे नॅशनल पार्कचं जंगलच काय ते आहे, मी जाऊनही सांगू शकलो असतो. पण समोर बसून मला हे बोलता आलं नसतं.

"ती. काकांस सा. न.

नवेगाव झालं. तलाव मोठा आहे, पक्षी पुष्कळ. वाघ दिसला नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

एक गंमत सांगतो. कोहमाऱ्याला वळायचं होतं. रॉनी वळला, मी फाट्यावर गाडी लावून उभा राहिलो. जिग्नेश हात करून पुढे गेला. मी उभाच. रस्त्याकडे बघत होतो. ट्रक जात होते. बऱ्याच वेळाने रॉनीचा फोन आला, कुठे आहेस रे, आम्ही गेटवर आलो. मी म्हणालो, टेललाइट यायचे आहेत. माझ्या तोंडून ते सहज गेलं. तो म्हणाला, थांब तिथेच. दोघंही परत आले. मला वाटलं आता चिडवतील. त्यांनी आपापल्या गाड्या माझ्या गाडीशेजारी लावल्या आणि तेही उभे राहिले. थोड्या वेळाने आम्ही निघालो.

परत येताना मी सगळ्यात मागे होतो. साकोलीच्या पुढे जिग्नेशचा उजवा खांदा पडला. मी हॉर्न दिला, चहाला थांबलो. तो म्हणाला, तुला कसं कळलं?

काका, मी फार दमलोय. पण तेवढंच.

येत्या रविवारी तुम्हाला न्यायला येतो. कान्हेरीच्या वाटेवर तो दगड अजून आहे. तिथवर चालत जाऊ. तुम्ही पुढे चाला, मी मागून येतो."