पत्रू जेवेपर्यंत

वैनगंगेच्या त्या घाटावर ढिवरांची बारा घरं डोंगे चालवायची. दुसऱ्याच्या पाळीत घुसायचं नाही, पलीकडून हाक आली की हातातला घास ठेवून उठायचं, मयताचं भाडं घ्यायचं नाही, असे त्यांचे कायदे. ते मोडायची कोणाची छाती नव्हती. मग पूल झाला. पुलाला काय, ना पाळी ना हाक! पोरं कोरपन्याला, माजरीला कामाला पांगली आणि घाटावर सोमाजी तेवढा उरला, तोही मासोळीपुरता.

"तुमची नदी आता पुलासंगं नांदते, तुमी काऊन झुरता?" त्याची बायको भागीरथा चिडवायची. दोघांना पोरबाळ नव्हतं. तिच्या जिभेवर घर चालायचं म्हणा ना.

घाटाचा एक कायदा मात्र पूलही बुडवू शकला नाही. बुडालेलं माणूस परक्या हातानंच काढायचं, घरच्यानं नदीकडे पाठ करून बसायचं. एरवी मयताच्या घरी चूल बंद असते. इथे ती पेटवायची, काढणाऱ्याला आधी जेवू घालायचं आणि तो 'पोट भरलं' म्हणेपर्यंत घरात कोणी रडायचं नाही. उपाशी गेला तर नदी त्याला परत बोलावते, असं म्हातारे सांगत. सोमाजी अशा कितीतरी घरी जेवला होता. दाराशी ओठ आवळून बसलेली माणसं पाहून तो चार घासांत उठायचा. आपण त्यांच्यावर उपकारच करतो, असं त्याला वाटायचं.

यंदा श्रावणात भागीरथा भांडी घासायला घाटावर गेली. वरून पाण्याचा लोंढा आला. काठाला घमेलं तेवढं सापडलं.

सोमाजीनं डोंग्याच्या दोराला हात घातला, आणि मागे घेतला. त्यानं पत्रूला फोन लावला. पत्रू त्याचा जुना जोडीदार, आता ऊर्जानगरला लेकाच्या क्वार्टरात नातवंडं सांभाळायचा. लेकाच्या गाडीवर बसून तो आला आणि डोंग्यात चढला. सोमाजी पाठ करून बसला. वल्ह्याचा आवाज दूर गेला, बऱ्याच वेळानं परत आला, आणि जड आला. सोमाजीला काहीच वाटलं नाही. त्याची त्यालाच लाज वाटावी, इतकं काहीच वाटलं नाही.

बायांनी भागीरथेला अंगणात ठेवून लुगडं पांघरलं. सोमाजीनं चूल पेटवली, भात टाकला, लाखोळीची डाळ शिजवली. मग एकेक डबा उघडून पाहिला. हळद होती, तिखट होतं.

"भागीरथे, मीठ कुठी हाये?" त्यानं आतूनच विचारलं.

अंगणातल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. रडायची बंदी होती.

पत्रू पत्रावळीवर बसला. अळणी डाळभाताचे चार घास त्यानं मान खाली घालून गिळले.

"भरलं पोट, सोमाजी. आता रडून घे भाऊ."

सोमाजीनं पळीभर भात पुन्हा वाढला.

"इतक्यात? येवढ्या पुरातून डोंगा आणलास तू. घे, लाजू नोको."

पत्रूनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा घास उचलला. सोमाजी वाढत राहिला, पत्रू गिळत राहिला. बाहेर बाया ताटकळल्या होत्या. पातेल्याचा तळ दिसला तसा सोमाजी उठला आणि दुसऱ्या भाताचे तांदूळ धुवायला बसला.