शिक्का राहिला होता

मित्रहो, आत्ताच मैदानावरून घरी आलोय, म्हणून लगेच लिहितोय.

आज आमच्या परळच्या कॉलेजच्या मुली विद्यापीठाच्या फुटबॉल स्पर्धेत पहिल्यांदाच उपांत्य सामना खेळणार होत्या. हा संघ उभा करायला मला बारा वर्षं लागली. सामन्याआधी पंचांनी आमचा पात्रता अर्ज पाहिला. म्हणाले, "सर, प्राचार्यांची सही आहे, पण शिक्का कुठाय? अकरापर्यंत आणा, नाहीतर समोरच्या संघाला पुढे चाल."

चूक माझीच होती. मुली बुटांच्या नाड्या बांधत होत्या. त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

मी कॉलेजच्या ऑफिसात रेश्माला फोन केला. ती आमच्या पहिल्या संघाची गोलकीपर, आता तिथेच क्लार्क आहे. तिला खेळू द्यावं म्हणून मी लालबागला तिच्या आईकडे चार वेळा चहा प्यायलो होतो.

अकराला पाच मिनिटं असताना ती स्कूटरवरून आली. प्राचार्यांना विचारून शिक्का आणि शाईचा पॅड तिने डब्याच्या पिशवीत घालून आणला होता.

"सर, तुम्ही सुधारणार नाही. आमच्या वेळी गोलची जाळी विसरला होतात."

"मग तू घरची मच्छरदाणी आणलीस."

"हो, आणि आईने बदडलं मला. तुम्हाला चहा!"

शिक्का उमटला. आम्ही खेळलो आणि एका गोलने हरलो. पण मैदानावर हरलो, टेबलावर नाही.

जाताना रेश्मा मुलींना म्हणाली, "पुढच्या वर्षी अर्ज आधी मला दाखवायचा. सरांच्या भरवशावर राहू नका."

किती हलकं वाटलं ते ऐकून. तुमच्या कामात तुमच्यावर असा अविश्वास दाखवणारं कोणी आहे का?